मांजरेच्या गाळातील पाणघोडा



एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, हे आपणांपैकी अनेकांना आठवत असेल. त्याच लातूर जिल्ह्यात, मांजरेच्या पात्रात एकेकाळी पाणघोडे डुंबत होते असे सांगितले तर पटणार नाही; परंतु ते खरे आहे. हारवाडी येथे नदीच्या गाळात हत्ती व पाणघोडा यांचे जीवाश्म मिळाले असून पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. विजय साठे यांनी त्यांचा अभ्यास केला आहे. पाणघोडा बारमाही पाण्याशिवाय जगत नाही. त्या अर्थी मांजरेत तेव्हा खोल डोह आणि काठाने भरपूर गवत असले पाहिजे.

आम्ही कला शाखेचे पदवीधर, बँकेत आकडे जुळविणारे. परिभाषेत चूक आढळल्यास विज्ञान शिक्षकांनी ती जरूर दुरुस्त करावी.

हत्ती, पाणघोडा, गाय, वटवाघूळ आणि आपण, सारे सस्तन प्राणी. पिलाला दूध पाजणे, अंगावर केस असणे, रक्त उष्ण असणे ही त्यांची लक्षणे होत. वटवाघूळ उडते म्हणून त्यास पक्षी समजणे चूक आहे. त्याला पिसे नाहीत आणि ते पिलांना दूध पाजते. सस्तन प्राणी डायनोसॉरच्या काळातही होते, पण बहुतेक लहानखुरे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी मोठे डायनोसॉर नष्ट झाले, तेव्हा त्यांना मोकळे रान मिळाले. आपल्या पायाखालचा काळा पाषाण ज्या लाव्ह्यापासून झाला, तो लाव्हा याच सुमारास वाहत होता.

पक्षी मात्र डायनोसॉरचेच वंशज होत. १८६१ मध्ये जर्मनीत वर्णन झालेल्या आर्किऑप्टेरिक्सला पिसे होती, तशीच दात व हाडांची लांब शेपटीही होती. महाराष्ट्रात जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे शहामृगाच्या अंड्याची कवचे मिळाली. त्यातील एकावर माणसाने रेषांची नक्षी कोरलेली आहे. म्हणजे शहामृग येथे होता आणि त्याच्या अंड्याचे कौतुक करणारा माणूसही होता.

माणसाचा माग आफ्रिकेत लागतो. इथिओपियात १९७४ मध्ये सापडलेली ‘ल्युसी’ सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीची. मेंदू लहान, तरी ती दोन पायांवर चालत होती. म्हणजे आधी पाय सरळ झाले, बुद्धी मागाहून वाढली! आपल्याकडे नर्मदाकाठी हथनोरा येथे ५ डिसेंबर १९८२ रोजी अरुण सोनकिया यांना प्राचीन मानवाच्या कवटीचा भाग मिळाला. आज पृथ्वीवरील सर्व माणसे एकाच प्रजातीची आहेत. जन्माने उच्च-नीच ठरविणारे हाड अद्याप कोणत्याही गाळात सापडलेले नाही.

जीवाश्माचे वय तो कोणत्या थरात होता यावरून कळते. वाळू उपसणाऱ्या यंत्राने थर विस्कटला की हाड हाती येऊनही त्याचा काळ हरवतो. खात्यातील नोंद फाडून नुसती रक्कम हाती ठेवावी तसे. म्हणून नदीकाठी दगडासारखे जड हाड दिसल्यास ते उचलू नये. जागा व थर वहीत टिपून, छायाचित्र काढून आपल्या शिक्षकांमार्फत पुरातत्त्व विभागास कळवावे.