शेजाऱ्यावाचून न फळणारी द्राक्षवेल



फुले भरपूर येतात पण फळ धरत नाही, ही तक्रार आपल्यापैकी पुष्कळांच्या तोंडी असते. आपण लगेच खताला दोष देतो, पाण्याला देतो, नाहीतर रोप देणाऱ्याला देतो. पण कधी कधी दोष यांपैकी कशातच नसतो. झाड धडधाकट असते. उणीव असते ती शेजाऱ्याची. ही गोष्ट मनात पक्की बसावी म्हणून या वेळी युरोपातील हंगेरी देशातल्या एका द्राक्षवेलीची माहिती देत आहे.

हंगेरीच्या पश्चिम भागात बालातोन नावाचे सुमारे ७७ किलोमीटर लांबीचे सरोवर आहे. त्याच्या उत्तर काठावर बदाचोन्य हा सपाट माथ्याचा डोंगर उभा आहे. लाखो वर्षांपूर्वी येथे ज्वालामुखी होता. त्यातून निघालेला लाव्हा थिजून त्याचा काळा बसाल्ट खडक झाला. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ तो हाच दगड. मात्र आपला कातळ त्याहून कितीतरी जुना. डोंगराच्या उतारावरील मातीत या दगडाचा चुरा मिसळलेला आहे. काळा दगड दिवसा तापतो व रात्री ती ऊब हळूहळू सोडतो. समोरच्या पाण्यामुळे थंडीची धारही थोडी बोथट होते. म्हणून या उतारावर फार जुन्या काळापासून द्राक्षमळे आहेत.

या मळ्यांतील एक पांढरी जात म्हणजे केकन्येलू. नावाचा अर्थ 'निळ्या देठाची'. पानांच्या देठावर निळसर झाक असते म्हणून हे नाव. हिची वाइन मंद वासाची, पण तजेलदार आंबटपणाची व पुष्कळ वर्षे टिकणारी म्हणून नावाजलेली आहे. असे असूनही ही जात एकेकाळी नाहीशी होण्याच्या बेतात आली होती. का, ते पाहू.

द्राक्षाच्या फुलात साधारणपणे नर व मादी हे दोन्ही भाग असतात. पुंकेसरातील पराग मधल्या स्त्रीकेसरावर पडतो व मणी धरतो. आपल्याकडील थॉमसन सीडलेसचे फूलही असेच स्वयंपूर्ण आहे. परंतु केकन्येलूचे फूल वेगळे. त्यात पुंकेसर दिसतात खरे, पण ते खाली वळलेले असतात व त्यांचा पराग निकामी असतो. म्हणजे हे फूल केवळ मादी आहे. दुसऱ्या जातीचा पराग वाऱ्याने किंवा किड्यांनी वेळेवर आणला तरच मणी धरतो. नेमक्या फुलोऱ्याच्या दिवसांत पाऊस लागला की पराग धुऊन जातो आणि घड विरळ राहतो. काही मणी मोठे, काही वाटाण्याहून लहान, तर काही जागा मोकळ्याच.

तेथील जुन्या शेतकऱ्यांनी यावर उपाय शोधला होता. केकन्येलूच्या ओळींमध्ये ते बुदाई झोल्ड नावाची दुसरी पांढरी जात लावीत. दोन्ही वेली एकाच सुमारास फुलतात, म्हणून हा शेजार उपयोगी पडे. बुदाई झोल्डच्या स्वतःच्या वाइनला मात्र केकन्येलूइतके नाव नव्हते. नुसता हिशोब पाहणाऱ्याला वाटावे, ही ओळ उगाच जागा अडवते. पण ती काढली की शेजारच्या ओळीचे घड रिकामे! जिचा भाव कमी, तिच्याच जिवावर मोठ्या भावाचे पीक उभे होते.

पुढे संकटे आली. मुळांचा रस शोषणारी फिलोक्सेरा ही कीड १८७५ मध्ये हंगेरीत पोहोचली व मळेच्या मळे वाळले. अमेरिकी खुंटावर कलमे बांधून पुन्हा लागवड करावी लागली. नव्याने लावणारा माणूस साहजिकच हमखास पिकणारी जात निवडतो. विसाव्या शतकात सरकारी व सामुदायिक शेतीच्या काळात तर वजनालाच महत्त्व आले. थोडे पिकणारी आणि वर जोडीदार मागणारी वेल कोणाला परवडणार? केकन्येलूचे क्षेत्र आटत गेले.

तरी काही शेतकऱ्यांनी व बदाचोन्य येथील संशोधन केंद्राने ही जात राखली. तेथे केकन्येलू आणि बुदाई झोल्ड यांच्या संकरातून रोझाको ही नवी जात तयार झाली. आता तीही केकन्येलूला पराग पुरवण्यासाठी लावतात. म्हणजे लेकच आईच्या मदतीला आली. रोझाको हे त्याच डोंगरावरील एका मोठ्या दगडाचे नाव आहे. त्या दगडावर सरोवराकडे पाठ करून बसलेल्या जोडप्याचे वर्षाच्या आत लग्न होते, असा तेथील लोकसमज आहे. दोन वेलींच्या लेकीला यापेक्षा शोभणारे नाव कोणते मिळाले असते?

आता आपल्या परसाकडे वळू. यातून घेण्यासारख्या तीन गोष्टी आहेत.

पहिली : आपल्या झाडाचे फूल कसे आहे ते ओळखा. करटुलीत नर वेल वेगळा व मादी वेल वेगळा. पपईच्या काही जातींतही नर झाड निराळे असते; लांब लोंबत्या देठांवर फुलांचे झुबके आले की तो नर समजावा.

दुसरी : फळ देत नाही म्हणून असे प्रत्येक नर झाड तोडू नका. अशा जातीच्या पपईत साधारण दहा मादी झाडांमागे एक नर ठेवावा. जास्तीचे नर काढण्यास हरकत नाही. ज्या जातींची फुले स्वयंपूर्ण आहेत त्यांना नराची गरज नसते. म्हणून रोप घेतानाच जात विचारून घ्यावी.

तिसरी : फुलोऱ्याच्या दिवसांत सकाळी कीटकनाशक फवारू नका. त्या वेळी मधमाश्या आपल्याच कामावर आलेल्या असतात, आणि तेही बिनपगारी.

तेव्हा 'हे झाड फुकट खाते' असे म्हणून कोयता उचलण्यापूर्वी एक संपूर्ण बहर थांबा. शेजारचे कोणते झाड त्याच्या आधाराने फळते आहे, ते आधी पाहा.