झोपेतून उठलेलं यंत्र आणि खोटी हाकाटी

साहित्य मंडळाच्या अंकात कॉम्प्युटरचा पाठ कशाला, असं वाटेल. पण माझी तीन संध्याकाळची मेहनत एका ओळीमुळे गेली. खरं तर ती ओळ मी नीट वाचली नाही, म्हणून गेली.

मंडळाचे जुने हस्तलिखित अंक टाइप करायचं काम मी लॅपटॉपवरच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये करत होते. व्हर्च्युअल मशीन म्हणजे खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात चालणारा दुसरा, सॉफ्टवेअरने उभा केलेला कॉम्प्युटर. बाहेरचा तो यजमान, आतला तो पाहुणा. झाकण बंद करून कँटीनला गेले, परत आले, तर पडद्यावर इशारा: ‘सॉफ्ट लॉकअप, सीपीयू २४१२ सेकंद अडकला.’ मी घाबरून मशीन जबरदस्तीने बंद केलं. सेव्ह न केलेली सगळी पानं गेली. २४१२ सेकंद म्हणजे जेमतेम चाळीस मिनिटं, नेमका माझा कँटीनमधला वेळ! यंत्र अडकलं नव्हतंच, झोपलं होतं.

रखवालदार कसा काम करतो?

लिनक्समध्ये प्रत्येक सीपीयूवर ‘वॉचडॉग’ नावाचा रखवालदार असतो. त्याचं एक छोटं काम अधूनमधून चालतं आणि वहीत वेळेची नोंद करतं. दुसरीकडे एक टायमर साधारण दर ४ सेकंदांनी ती वही तपासतो. शेवटची नोंद २० सेकंदांहून जुनी असेल तर तो ओरडतो. एरवी हे बरोबरच आहे, कारण एखादा प्रोग्रॅम सीपीयू अडवून बसला तर नोंद होत नाही.

आता पाहुण्याला थांबवलं की काय होतं? दोन शक्यता आहेत.

पहिली, आतलं घड्याळही थांबतं. मग हाकाटी होत नाही, पण जाग आल्यावर तारीख-वेळ मागे राहते. वॉशिंग्टन अर्विंगचा रिप व्हॅन विंकल (१८१९) आठवा. वीस वर्षं झोपून उठल्यावर तो भर गावात इंग्लंडच्या राजाशी निष्ठा सांगतो, तोवर अमेरिका स्वतंत्र झालेली असते!

दुसरी, घड्याळ पुढे चालत राहतं. जाग येताच टायमर आधी वही उघडतो. नोंद करणाऱ्याला अजून पाळीच मिळालेली नसते. म्हणून खोटी हाकाटी.

उपाय

केव्हीएम या यजमान-व्यवस्थेत यावर एक साधी युक्ती आहे. यजमान पाहुण्याला उठवण्यापूर्वी दोघांच्या सामायिक जागेत एक खूण ठेवतो: ‘तुला थांबवलं होतं.’ वॉचडॉग ओरडण्याआधी ती खूण बघतो. खूण असली तर ती पुसतो, नोंद ताजी करतो आणि गप्प बसतो. मात्र यजमानाने खूण ठेवली पाहिजे आणि पाहुण्याला ती वाचता आली पाहिजे. दोन्हीपैकी एक नसेल तर हाकाटी होणारच.

वेळ मागे राहिली असेल तर क्रोनीसारखा प्रोग्रॅम इंटरनेटवरून ती जुळवतो. पण तो बहुधा हळूहळू सरकवतो. विराम मोठा असेल तर ‘क्रोनीसी मेकस्टेप’ ही आज्ञा देऊन घड्याळ एकदम पुढे आणावं लागतं.

वॉचडॉगची मर्यादा वाढवता येते, तो पूर्ण बंदही करता येतो. पण बंद करू नका. खोट्या हाकाटीला कंटाळून रखवालदारच काढून टाकला, तर खरा चोर आला तेव्हा कोण ओरडणार?

खरं की खोटं, कसं ओळखायचं?

१. सेकंदांचा आकडा विरामाच्या वेळेशी जुळतो का? जुळला तर बहुतेक खोटं.
२. इशारा एकदाच आला की पुन्हापुन्हा येतोय? पुन्हापुन्हा, त्यात एकाच प्रोग्रॅमचं नाव, तर प्रकरण गंभीर.
३. मशीन टाइप केलेल्याला उत्तर देतं का? देत असेल तर आधी काम सेव्ह करा, मग बाकीचं.

वर्गात आपण शिकतो की वाक्य संदर्भासकट वाचावं. मी ‘अडकला’ एवढंच वाचलं, त्याच्या आधीचा आकडा सोडला. ती पानं आता पुन्हा टाइप करतेय, आणि झाकण लावण्याआधी न चुकता सेव्ह करतेय.

सरावासाठी: विराम ९० मिनिटांचा होता आणि इशारा २२ सेकंदांचा आला, दर थोड्या वेळाने पुन्हा येतोय. तुम्ही काय निष्कर्ष काढाल, आणि का?