पत्र आलं, पण गेलं कुठं?



ऊसबिलाचा तपशील, वार्षिक सभेची नोटीस ही आता ई-मेलनेही येते. "आम्हाला काही आलंच नाही," असे कुणी म्हणतो तेव्हा पुष्कळदा पत्र पोचलेले असते. पण 'स्पॅम' म्हणजे नकोशा टपालाच्या कप्प्यात पडलेले असते. जीमेलमध्ये या कप्प्यातले पत्र 30 दिवसांनी आपोआप पुसले जाते. नोटिशीची मुदत मात्र आपल्यासाठी थांबत नाही.

असं का होतं? काट्यावर गाडी आली की आधी पावती बघतात. ई-मेलचे यंत्रही तसेच करते. पाठवणाऱ्याच्या नावाने कोणती यंत्रे पत्र धाडू शकतात, त्यांची यादी म्हणजे 'एसपीएफ'. वाटेत मजकूर बदलला नाही हे दाखवणारे सील म्हणजे 'डीकेआयएम'. तपासणीत न टिकलेल्या पत्राचे काय करावे, ही सूचना म्हणजे 'डीमार्क'. जीमेलकडे दिवसाला 5,000 वा अधिक पत्रे धाडणाऱ्यांना गूगलने फेब्रुवारी 2024 पासून ही तिन्ही सक्तीची केली आहेत. हे काम पाठवणाऱ्याचे. आपण करायचे ते असे:

1. जीमेलमध्ये डाव्या कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघा दाबून 'स्पॅम' उघडावे. आपले पत्र सापडल्यास ते उघडून 'नॉट स्पॅम' दाबावे.

2. तो पत्ता संपर्क यादीत जतन करावा.

3. तरीही पत्र तिकडेच जात असेल, तर संगणकावर त्या पत्त्याचा 'फिल्टर' करून 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम' यावर खूण करावी. घरातलं शिकलेलं पोरगं हे पाच मिनिटांत करून देईल.

4. पत्र तिथेही नसेल, तर गट ऑफिसात नोंदवलेला पत्ता अक्षर न् अक्षर ताडून बघावा. टपालपेटी भरली असली तरी पत्र परत जाते.

5. कंटाळून कामाच्या पत्रावर 'स्पॅम' दाबू नये. हजारात तिघांनी तसे केले, तरी गूगलच्या लेखी पाठवणाऱ्याची पत जाते आणि इतर सभासदांची पत्रेही अडकतात.

एक सावधगिरी हवी. नाव ओळखीचे दिसले म्हणून भुलू नका, पूर्ण पत्ता वाचा. ओटीपी किंवा बँकेचा पिन मागणारे पत्र स्पॅममध्येच राहू द्या.

उसाला पाण्याची पाळी चुकवत नाही, तशी आठवड्यातून एकदा स्पॅम बघायची पाळीही आपण चुकवू नये.