एका सहीचा प्रश्न : मूल परदेशी नेताना आईबापांचे हक्क

(द्वितीय वर्ष कला, राज्यशास्त्र)

गेल्या मे महिन्यात एका दुपारी आमच्या आळीतल्या एक वहिनी घरी आल्या. हातात पिशवीत गुंडाळलेले दोन-तीन कागद होते. "अगं, तू कॉलेजात जातेस ना, यात काय लिहिलंय ते वाचून सांग," म्हणाल्या. त्यांचे यजमान दुबईला एका वर्कशॉपमध्ये फोरमन आहेत. वर्ष-दीड वर्षापासून दोघांत धड बोलणे नाही. मुलगा सात वर्षांचा. "त्याला इकडच्या शाळेत घालतो, माझ्या बहिणीकडे राहील, तू फक्त सही कर," असा निरोप आला होता. तो कागद मुलाच्या पासपोर्टसाठी लागणाऱ्या संमतीचा होता. वहिनींनी विचारले, "सही केली तर पोरगं परत येईल का? आणि नाही केली तर?"

मला दोन्हींपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे हिला सगळे कळते असा शेजारपाजारचा समज. मूलभूत हक्कांवर परीक्षेत दहा गुणांचे उत्तर मी लिहू शकते, पण त्या दुपारी मान खाली घालून बसले. नंतर ग्रंथालयातली पुस्तके चाळली, सरांना विचारले, एका वकीलबाईंकडे दोनदा जाऊन आले. त्यातून जे उमगले ते येथे मांडते आहे.

मुलाचा पालक कोण, हा पहिला प्रश्न. हिंदूंपुरते पाहिले तर १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या ६ व्या कलमात अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील आणि 'त्यांच्यानंतर' आई असे लिहिले आहे. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईच्या ताब्यात असावे, असेही तेच कलम सांगते. या 'नंतर' शब्दाने पुष्कळ बायकांना छळले. इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घेण्यासाठी अर्ज केला. पालक म्हणून आईची सही पुरेशी मानली गेली नाही, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९९ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने 'नंतर' म्हणजे केवळ 'मृत्यूनंतर' नव्हे, तर 'अनुपस्थितीत' असा अर्थ लावला. मुलाची प्रत्यक्ष जबाबदारी वडिलांकडे नसेल, ते बेफिकीर असतील, किंवा दोघांच्या समजुतीने मूल आईकडे वाढत असेल, तर आई ही पालक ठरते. कलमातला शब्द मात्र जिथल्या तिथेच राहिला. निकालाने अर्थ बदलतो, पण गावोगावच्या कचेऱ्यांतून वाचला जातो तो जुना शब्दच!

इतर धर्मीयांना आणि ताब्याच्या अर्जांना १८९० चा पालक व पाल्य कायदा लागू पडतो. एक गोष्ट मात्र सगळीकडे सारखी आहे. न्यायालय आईचा हक्क मोठा की बापाचा, असा हिशेब करीत नाही. मुलाचे हित कशात आहे, ते पाहते. मूल समजत्या वयाचे असेल तर त्याला काय वाटते, हेही विचारात घेते. म्हणून 'माझा हक्क' या शब्दावर फार विसंबून राहू नये, असे वकीलबाईंनी मला बजावले. मुलाची शाळा, त्याचे आजारपण, त्याला रात्री कोण झोपवते, या साध्यासुध्या गोष्टींना कोर्टात वजन असते. तशा गोष्टींची नोंद ठेवणारी आई मात्र मी अजून पाहिलेली नाही.

आता सहीविषयी. अज्ञान मुलाच्या पासपोर्टसाठी सर्वसाधारणपणे आईवडील दोघांची संमती मागतात. २०१६ च्या डिसेंबरात नियम सुटसुटीत झाल्यापासून ती साध्या कागदावर, स्वतःच्या सहीने देता येते. नोटरीची गरज उरली नाही. सोय झाली हे खरेच, पण नोटरीकडे निदान कोणीतरी "बाई, कळतंय ना कशावर सही करताय?" असे विचारण्याची शक्यता होती. शिवाय सही एकदाच होते आणि लहान मुलाचा पासपोर्ट पाच वर्षे चालतो (मूल अठराचे झाले तर तोवर). ही सही पासपोर्टसाठी असते, मुलाचा ताबा सोडून देण्यासाठी नसते, हा भेद वहिनींना समजावायला मला दोन दिवस लागले. मात्र व्यवहारात पासपोर्ट हाती आला की विमानापर्यंतचा मोठा अडथळा दूर होतो, हेही लपवून चालणार नाही. एका पालकाची संमती मिळत नसेल तर दुसऱ्याने कारणे नमूद करून वेगळे घोषणापत्र द्यावे, अशीही तरतूद आहे. म्हणजे सही न करणे हा पक्का बंदोबस्त नव्हे.

पक्का बंदोबस्त न्यायालयातच होतो. मूल सामान्यतः जेथे राहते तेथील कुटुंब न्यायालयात, आणि ते नसेल तर जिल्हा न्यायालयात, ताब्याचा अर्ज करता येतो. निकाल लागेपर्यंत मुलाला हद्दीबाहेर नेऊ नये आणि पासपोर्ट न्यायालयात जमा करावा, असा अंतरिम आदेशही मागता येतो. मुलाने देश सोडू नये असा आदेश पासपोर्ट अधिकाऱ्याच्या नजरेस आणून दिला, तर १९६७ च्या पासपोर्ट कायद्याखाली त्याला पासपोर्ट अडकवून ठेवता येतो. खर्चाचे म्हणाल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळू शकतो. हे मला वकीलबाईंनीच सांगितले. फीच्या भीतीने गप्प बसलेल्या किती बायका आमच्या एका आळीत असतील, हा विचार तेव्हापासून मनातून जात नाही.

हे सारे मूल देशात असेपर्यंतचे. एकदा ते गेले की गोष्ट निराळी. २५ ऑक्टोबर १९८० रोजी हेग येथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला. सोळा वर्षांखालील मुलाला एका पालकाने दुसऱ्याचा हक्क डावलून परदेशी नेले, तर त्याला तातडीने मूळ देशी परत पाठवावे आणि ताब्याचा वाद तेथेच चालवावा, असे त्याचे तत्त्व. शंभराहून अधिक देश त्यात आहेत, पण भारत नाही. विधी आयोगाने २००९ मध्ये सामील व्हावे असे सुचवले, २०१६ मध्ये कायद्याचा मसुदाही दिला. तरी सरकारने पाऊल टाकले नाही. त्यामागची भीती खोटी नाही. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून परक्या देशातून लेकरू घेऊन माहेरी पळून आलेल्या मुलीला हाच करार 'मूल पळवणारी' ठरवू शकतो. मुलाला गंभीर धोका असल्यास परत न पाठवण्याची सवलत करारात आहे, पण तो धोका सिद्ध करायचा कोणी? तिनेच. मात्र करारात नसल्याचे मोल इकडे मागे राहिलेल्या आईला किंवा बापाला मोजावे लागते. दोन्ही बाजू पाहिल्या की माझे मन करारात जावे या बाजूला झुकते, परंतु सवलतीचे कलम आपल्या कायद्यात अधिक स्पष्ट करूनच.

करार नसल्याने आपल्या न्यायालयांना प्रत्येक वेळी नव्याने वाट काढावी लागली. यातले एक जुने प्रकरण थेट पुण्याशी निगडित आहे. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात घटस्फोटानंतर मुलाचा ताबा आईला मिळाला होता, वडिलांना केवळ शनिवार-रविवारच्या भेटीची मुभा होती. १९८६ च्या जानेवारीत वडिलांनी भेटीच्या निमित्ताने मुलाला घेतले आणि गुपचूप भारतात आणून पुण्याला आजी-आजोबांकडे ठेवले. आई सर्वोच्च न्यायालयात आली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मूल तिच्या हवाली झाले. याउलट २०१७ मध्ये, इंग्लंडमधून मुलीला घेऊन आलेल्या आईच्या प्रकरणात, परदेशी न्यायालयाचा आदेश हा विचारात घेण्याजोगा एक मुद्दा आहे, पण मुलाच्या हितापुढे तो दुय्यम, असे तीन न्यायमूर्तींनी ठरवले.

मूल बाहेर पाठवताना न्यायालयही फसू शकते, याचे उदाहरण केनियाचे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका मुलाचा ताबा केनियातील वडिलांना दिला. तेथील न्यायालयाकडून तशाच अटींचा आदेश, ज्याला 'मिरर ऑर्डर' म्हणतात, आणण्याची अट घातली. पुढे वडिलांनी अटी धुडकावल्या. २०२१ मध्ये न्यायालयाने आपलाच निकाल मागे घेतला आणि २०२२ मध्ये त्यांना बेअदबीबद्दल तुरुंगवासाची शिक्षा सुनावली. शिक्षा झाली, पण मूल हजारो मैलांवर.

परंतु परदेशी जाऊ पाहणारा प्रत्येक पालक कपटी असतो असे मुळीच नाही. २०२२ मध्ये पुण्यातील एका आईला पोलंडमध्ये नोकरीची संधी आली आणि मुलीला सोबत नेण्यास वडिलांनी हरकत घेतली. मूल की नोकरी अशी निवड आईला करायला लावता येणार नाही, असे म्हणत मुंबई उच्च न्यायालयाने परवानगी दिली. वडिलांच्या भेटी आणि सुट्टीत मुलीला भारतात आणणे, या गोष्टींचीही न्यायालयाने सोय लावली. हा निकाल वाचताना मला वहिनींच्या यजमानांचीही बाजू प्रथमच दिसली. वाळवंटात एकटा राबणारा बाप मुलाला जवळ मागतो, यात गैर काय? गैर असेल तर ते हे की, केव्हा परत, कोणत्या सुट्टीत, आईने कधी बोलायचे, यातले काहीही त्या कागदावर नव्हते.

वहिनींनी सही केली नाही. जूनमध्ये तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे आम्ही दोघी एस.टी.ने गेलो. वकील मिळाला, अर्ज जिल्हा न्यायालयात दाखल झाला. पोरगा यंदा दुसरीत गेला. त्याच्या वह्यांना कव्हरे मीच घातली. यजमान दिवाळीच्या रजेत गावी येणार आहेत आणि तारखेला स्वतः हजर राहणार असल्याचे त्यांनी फोनवर कळवले आहे. वहिनींनी त्यांच्यासाठी अटींची एक यादी करायला घेतली आहे. 'दर रविवारी फोन' हे तिच्यातले पहिले वाक्य त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिले.