मोटारीचा स्टार्टर आणि मेन स्विच

गटात फिरताना विहिरीवर आम्हाला एक गोष्ट नेहमी दिसते. स्टार्टरचे लाल बटण दाबले, मोटार थांबली, की लगेच पान्हा घेऊन पंपाला हात! मेन स्विच मात्र चालूच. लाल बटणाने मोटार थांबते; स्टार्टरपर्यंतचा करंट तसाच राहतो. त्यातून ऑटो बसविलेला असेल, तर लाईट येताच मोटार आपोआप फिरते. रात्रीच्या पाळीमुळे ऑटो लागतो, हे आम्हाला मान्य आहे. पण त्या वेळी कपलिंगवर गड्याचा हात असला तर? म्हणून आधी मेन स्विचचा खटका पाडावा, तिन्ही फ्यूज काढून आपल्याच खिशात टाकावेत.

दुसरे रिलेचे. पाच हॉर्सपॉवरची थ्री-फेज मोटार पूर्ण भारावर सुमारे ७ ते ७.५ अँपिअर घेते. रिले मोटारीच्या पाटीवरील आकड्याप्रमाणे लावावा. एक फेज गेला की उरलेल्या दोहोंवर ओढ वाढते आणि रिले ट्रिप होतो. तो सारखा पडतो म्हणून काहीजण आकडा वाढवितात, कोणी काडी अडकवून ठेवतात. मग ऐन उन्हाळ्यात मोटार जळते, अन् रिवायंडिंग होईतो ऊस वाळतो. ट्रिप झाल्यावर आधी तिन्ही फेज पाहावेत, मग फ्यूजची तार, नंतर बेअरिंग.