कीबोर्डचे स्वतःचे शॉर्टकट : कोणत्या कामाला बटण द्यायचं आणि कोणत्या कामाला नाही

सेवा केंद्र, झेरॉक्स-डीटीपी, ऑनलाइन फॉर्म असं दुकान टाकायचा विचार करणाऱ्यांसाठी आजचा धडा आहे. नवीन दुकानदार आधी महागडा प्रिंटर बघतो, फर्निचर बघतो. पण गर्दीच्या दिवशी दुकान चालतं ते हाताच्या वेगावर, आणि दुकानाचं नाव टिकतं ते अचूकपणावर. शॉर्टकटने वेग नक्की वाढतो. अचूकपणा मात्र वाढतोही आणि जातोही. कसं, ते आधी माझ्याच चुकीवरून सांगतो.

माझी चूक

२०२३ च्या खरिपात राज्यात एक रुपयात पीक विमा सुरू झाला. शेतकऱ्याने एक रुपया भरायचा आणि केंद्रचालकाला एका अर्जामागे ४० रुपये विमा कंपनीकडून. म्हणजे जितके अर्ज जास्त, तितकी कमाई. जुलैच्या शेवटी किल्लारीत माझ्या दुकानासमोर सकाळपासून रांग. सोयाबीनवाले, तूरवाले, सगळेच.

वेळ वाचावा म्हणून मी दोन गोष्टी केल्या. रांगेतच मुलाने प्रत्येकाचा खाते नंबर नोटपॅडमध्ये टाइप करून ठेवायचा आणि मी कॉपी-पेस्ट करायचं. दुसरं, कॅप्स लॉकचं बटण मी 'पेस्ट' करून टाकलं होतं. एक बोट, एक टिचकी, नंबर हजर. लई भारी वाटत होतं.

दुपारी एका मामांचा अर्ज भरला. सबमिट करायच्या आधी सवयीने नंबर मोठ्याने वाचला. मामा म्हणाले, "सर, माझ्या खात्याच्या शेवटी सात हाय की. तुम्ही तीन म्हणालाव."

बघतो तर नंबर त्यांच्या आधीच्या गिऱ्हाइकाचा! कॉपीचं बटण नीट दाबलं गेलं नव्हतं, त्यामुळे जुनाच नंबर पेस्ट झाला. फॉर्ममध्ये खाते नंबर दोनदा विचारतात तो असली चूक पकडायलाच. पण मी दोन्ही चौकटीत तोच चुकीचा नंबर पेस्ट केला होता, त्यामुळे दोन्ही नंबर जुळले आणि फॉर्म पुढे गेला. मामांनी ऐकलं नसतं तर पुढे नुकसानभरपाईच्या वेळी त्यांना किती चकरा माराव्या लागल्या असत्या, विचार करा. आणि हे सगळं कशासाठी, तर माझे चार सेकंद वाचावेत म्हणून.

त्या रात्री मी कॅप्स लॉक पुन्हा कॅप्स लॉक केलं आणि एक नियम वहीत लिहिला:

जे गिऱ्हाइकानुसार बदलत नाही, त्याला बटण द्या. जे गिऱ्हाइकानुसार बदलतं, ते हाताने टाका आणि मोठ्याने वाचा.

बाकी सगळा धडा या एका ओळीवर उभा आहे.

पायरी १ : आधी वही, मग सेटिंग

दोन दिवस माउसच्या बाजूला एक वही ठेवा. जे काम पुन्हा पुन्हा करता त्यापुढे एक एक रेघ मारत जा. सातबाऱ्याची साइट उघडली, रेघ. स्कॅनर उघडला, रेघ. विनंती अर्जाचा मजकूर टाइप केला, रेघ. दोन दिवसांनी ज्यापुढे सगळ्यात जास्त रेघा आहेत अशी पाच-सहा कामं निवडा. त्यालाच शॉर्टकट द्यायचा. वीस शॉर्टकट केले तर लक्षात एकही राहत नाही.

हिशोब साधा आहे. एका गिऱ्हाइकामागे २० सेकंद वाचले आणि दिवसाला ६० गिऱ्हाइकं असली, तर १२०० सेकंद म्हणजे २० मिनिटं. तेवढ्यात तीन-चार कामं जास्त निघतात.

पायरी २ : काहीही इन्स्टॉल न करता मिळणारे शॉर्टकट

खालच्या टास्कबारवर रोजचे प्रोग्राम पिन करा. पहिला क्रोम, दुसरा स्कॅनर, तिसरा वर्ड. आता विंडोज बटण दाबून १ दाबलं की क्रोम, २ दाबलं की स्कॅनर, ३ दाबलं की वर्ड. क्रम तुमचा, आयकॉन ओढून बदला. इंग्रजी-मराठी टायपिंग बदलायला विंडोज + स्पेस. आणि खुर्चीवरून उठताना विंडोज + एल, म्हणजे स्क्रीन लॉक. आपल्या स्क्रीनवर लोकांचे आधार नंबर असतात, हे विसरू नका.

पायरी ३ : साइटला स्वतःचं बटण

१. डेस्कटॉपवर मोकळ्या जागी राइट क्लिक करा, 'न्यू' आणि मग 'शॉर्टकट' घ्या.
२. चौकटीत साइटचा पत्ता पेस्ट करा. पत्ता खऱ्या सरकारी साइटचाच आहे ना, हे एकदा अक्षर न् अक्षर तपासा. पुढे रोज तुम्ही डोळे झाकून तेच बटण दाबणार आहात.
३. 'नेक्स्ट' करा, नाव द्या (उदा. सातबारा), 'फिनिश' करा.
४. तयार झालेल्या आयकॉनवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा. तिथे 'शॉर्टकट की' नावाची चौकट आहे. त्यात क्लिक करून फक्त एस दाबा. विंडोज स्वतःच 'कंट्रोल + ऑल्ट + एस' असं लिहून घेतं. 'अप्लाय', 'ओके'.

तसंच महाडीबीटीला एम, आपले सरकारला ए. साइटच्या नावाचं पहिलं अक्षर ठेवलं की पाठ करावं लागत नाही.

इथे दोन गोष्टी सांभाळा. एक, हा आयकॉन डेस्कटॉपवरच राहू द्या. साफसफाई करताना दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकला की बटण चालायचं बंद होतं. दोन, ४ हा आकडा वापरू नका. 'इंग्लिश इंडिया' कीबोर्डवर कंट्रोल + ऑल्ट + ४ ने रुपयाचं चिन्ह उमटतं. तिथे साइट बसवली तर बिल टाइप करताना रुपयाच्या जागी साइट उघडेल!

पायरी ४ : वर्डमध्ये अर्जाचा मजकूर एका बटणावर

ग्रामपंचायत, तहसील, बँक, शाळा यांचे विनंती अर्ज जवळपास एकाच साच्याचे असतात. तो साचा एकदाच टाइप करा. मात्र नाव, गाव, गट नंबर, तारीख या जागी टिंबटिंब ठेवा. माझ्या साच्यात सुरुवातीला 'रा. किल्लारी' असं पक्कं लिहिलेलं होतं. सास्तूरच्या एका ताईंचा अर्ज तसाच छापला गेला आणि त्यांना परत यावं लागलं. गावसुद्धा बदलणारी गोष्ट आहे.

साचा तयार झाला की:

१. सगळा मजकूर सिलेक्ट करून ऑल्ट + एफ ३ दाबा. नाव द्या, 'ओके' करा.
२. 'फाइल', 'ऑप्शन्स', 'कस्टमाइझ रिबन' असं जा. खाली 'कीबोर्ड शॉर्टकट्स'समोर 'कस्टमाइझ' बटण आहे, ते दाबा.
३. डावीकडच्या यादीत 'बिल्डिंग ब्लॉक्स' निवडा, उजवीकडे तुमच्या साच्याचं नाव.
४. 'प्रेस न्यू शॉर्टकट की' या चौकटीत हवी ती बटणं दाबा. खाली 'करंटली असाइन्ड टू' बघा. तिथे दुसऱ्या कामाचं नाव दिसलं तर ते बटण सोडून द्या आणि दुसरं घ्या. 'अनअसाइन्ड' दिसलं की मगच 'असाइन' करा.

आता कोरी फाइल उघडायची, बटण दाबायचं, पूर्ण अर्ज समोर. फक्त टिंबांच्या जागा भरायच्या.

पायरी ५ : बटणच बदलायचं असेल तर

मायक्रोसॉफ्टचं 'पॉवरटॉइज' हे सॉफ्टवेअर मोफत आहे, मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर मिळतं आणि विंडोज १० व ११ वर चालतं. त्यात 'कीबोर्ड मॅनेजर' आहे. 'रिमॅप अ की' मध्ये एका बटणाचं काम दुसऱ्या बटणाला देता येतं. आपल्यासारख्या दुकानात याचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे बिघडलेलं बटण. गर्दीच्या दिवशी कीबोर्डचं एक बटण चालेना, तर त्याचं काम तात्पुरतं एखाद्या न लागणाऱ्या बटणाला द्या आणि संध्याकाळी निवांत नवीन कीबोर्ड आणा.

पॉवरटॉइज चालू असेल तरच हे बदल चालतात, म्हणून लॉगिनच्या स्क्रीनवर ते मिळणार नाहीत. आणि कॉपी, पेस्ट, प्रिंट यांची नेहमीची बटणं बदलू नका. दुसरा माणूस तुमच्या कॉम्प्युटरवर बसला की गोंधळ ठरलेला.

कधीच बटण देऊ नका अशा गोष्टी

- पासवर्ड आणि पिन. एका बटणावर पासवर्ड म्हणजे दुकानाची किल्ली कुलपालाच लटकवून ठेवणं.
- गिऱ्हाइकाचा आधार नंबर, खाते नंबर, मोबाइल नंबर.
- 'सबमिट' आणि 'पेमेंट'. शेवटचं क्लिक नेहमी माउसनेच करायचं, तेही वाचून दाखवल्यावर.

विंडोज + व्ही ने क्लिपबोर्डची जुनी यादी उघडते. चालू असेल तर त्यात शेवटच्या २५ पर्यंत कॉपी केलेल्या गोष्टी राहतात. म्हणजे सकाळच्या गिऱ्हाइकाचा खाते नंबर दुपारच्या गिऱ्हाइकासमोर दिसू शकतो. सेवा केंद्राच्या कॉम्प्युटरवर ही सोय बंदच ठेवा : 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'क्लिपबोर्ड'.

शेवटची पायरी : कागद चिकटवा

ठरलेले पाच-सहा शॉर्टकट मोठ्या अक्षरात छापून मॉनिटरच्या खाली चिकटवा. दोन कॉम्प्युटर असतील तर दोन्हीवर तेच शॉर्टकट ठेवा. कामाला मुलगा नवीन आला तरी दोन दिवसांत हात बसतो, आणि तुम्ही तहसीलला गेलात तरी दुकान थांबत नाही.

त्या कागदाच्या तळाशी माझ्या दुकानात अजून एक ओळ आहे, 'खाते नंबर वाचून दाखवला का?' ते मामा आजही येतात. खाते नंबर सांगायची वेळ आली की हसून म्हणतात, "सर, शेवटी सात हाय बरं का!" मी हाताने टाइप करतो, मोठ्याने वाचतो, आणि मगच पुढचं बटण दाबतो.

आजचा गृहपाठ : वही घ्या, दोन दिवस रेघा मारा, आणि फक्त तीन शॉर्टकट तयार करा. आठवडाभर तेच वापरा, मग चौथा. भेटू पुढच्या धड्यात.