रात्रीतून खचणारी मोटार

प्रश्न : माझ्या मोटारीची मागली डावी बाजू सकाळी खाली बसलेली असते, इंजिन सुरू करताच वर येते. विक्रेता म्हणतो, दोष आढळत नाही. हमीची मुदत संपत आली आहे.

उत्तर : आपण गाडी चालवीत कार्यशाळेत नेता, तोवर कॉम्प्रेसरने एअर सस्पेन्शनमधील, म्हणजे गाडी तोलून धरणारी, हवेची पिशवी पुन्हा भरून दोष झाकलेला असतो, मग कारागिराला दिसावे तरी काय? सबब गाडी सायंकाळीच तेथे मुक्कामास ठेवावी, चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर त्यांच्या माणसासमक्ष मोजून जॉबकार्डावर नोंदवावे, आणि सकाळी दार उघडण्यापूर्वीच, कारण काही गाड्या तेवढ्यानेही जाग्या होतात, पुन्हा मोजावे. थंडीने सर्वच बाजू किंचित उतरतात. परंतु एकच कोपरा दोन बोटे खचला, तर पिशवीच्या घडीवर व नळीच्या जोडावर साबणाचे पाणी शिंपडण्याचा आग्रह धरावा. बुडबुडे बहुधा तेथेच उठतात. आपण स्वतः मात्र खचलेल्या गाडीखाली हात घालू नये.

गळती क्षुल्लक म्हणून स्वस्थ बसू नये, कारण वारंवार राबून कॉम्प्रेसरही जळतो आणि मग त्याचा खर्च कोणी सोसावा हा वाद उपस्थित होतो. हमीच्या मुदतीतच छायाचित्रांसह लेखी तक्रार विक्रेत्यास व उत्पादक कंपनीसही पाठवावी आणि पोच जपून ठेवावी. तोंडी आश्वासनाला दप्तरात जागा नसते. तरीही दाद न लागल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. ग्राहक आयोगापुढे जाण्यास तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.